पोटातला गोळा : लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर सुरू होतो कुठून

आंघोळ घालताना साबणाचा हात पोटावरून फिरला आणि डाव्या बरगडीखाली काहीतरी घट्ट लागलं. मुलगा साडेतीन वर्षांचा. दुखत काहीच नव्हतं, तो आपला मगानं पाणी उडवत होता. ही गोष्ट सहकारनगरातल्या आमच्याच सोसायटीतली, वरच्या मजल्यावरची. त्याची आई मला काकू म्हणते. जवळच्या एका दवाखान्यात आधी बद्धकोष्ठ म्हणून औषध मिळालं, मग जंत म्हणून. तीन आठवड्यांनी सोनोग्राफी झाली तेव्हा रिपोर्टात लिहून आलं : डाव्या मूत्रपिंडातून निघालेली गाठ, ११ सेंटिमीटर. भीतीनं पोटात गोळा आला, असं आपण म्हणतो. त्या घरात तो दोन्ही अर्थांनी आला.

पुढे सीटी स्कॅन, चार आठवडे केमो, मग गाठीसकट डावी किडनी काढायचं ऑपरेशन, मग पुन्हा केमो. या धावपळीत एका दुपारी ती फाईल घेऊन खाली आली. म्हणाली, "काकू, तुम्ही आयुष्यभर कॉलेजात बायॉलॉजी शिकवलंत. मला खरं सांगा, माझं काय चुकलं?" तिच्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं : पोटुशी असताना ग्रहणात हिनं विळीला हात लावला. तिची स्वतःची यादी वेगळी होती. सातव्या महिन्यापर्यंत स्वारगेटहून हिंजवडीला रोज केलेला बसप्रवास, ऑफिसातलं बाहेरचं खाणं, उशाशी ठेवलेला मोबाईल.

तुझं काहीच चुकलं नाही, असं मी लगेच म्हटलं. पण नुसत्या शब्दानं आईच्या मनातला काटा निघत नाही. तो निघायचा असेल तर गाठ कुठून आली हे तिला डोळ्यांसमोर दिसायला हवं. म्हणून हा लेख, तिच्यासाठी आणि अशी फाईल हातात घेऊन बसलेल्या प्रत्येक घरासाठी.

त्याच्या आजाराचं नाव विल्म्स ट्यूमर. माक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदानं १८९९ मध्ये अशा गाठींवर सविस्तर ग्रंथ लिहिला, त्यावरून हे नाव पडलं. वैद्यकीय भाषेत नेफ्रोब्लास्टोमा. लहान मुलांच्या किडनीत होणाऱ्या कॅन्सरपैकी बहुतेक सगळे हेच असतात. साधारण दहा हजार मुलांमागे एकाला होतो आणि बहुतेकदा पाच वर्षांच्या आत कळतो. मोठ्या माणसांचा किडनीचा कॅन्सर अगदी निराळा आजार आहे. तो पूर्ण घडलेल्या, कित्येक वर्षं काम केलेल्या पेशींत होतो, आणि त्यात सिगारेट, वजन, वय यांचा वाटा असतो. साडेतीन वर्षांच्या पोरानं कसली सिगारेट ओढलीय? तेव्हा कॅन्सर या शब्दासरशी मनात येणारी कारणांची सगळी यादी इथे आधी बाजूला ठेवायची.

आता किडनी कशी घडते ते बघू. गर्भ पाच आठवड्यांचा असताना एक बारीक नळी कोंबासारखी फुटते आणि शेजारच्या पेशींच्या एका पुंजक्यात शिरते. त्या पुंजक्याला ब्लास्टेमा म्हणतात. या पेशी अजून कोणीच झालेल्या नसतात. मळून ठेवलेल्या कणकेसारख्या समजा. त्याच गोळ्यातून पोळी होईल, पुरी होईल, शंकरपाळी होईल. नळी कणकेला निरोप देते, घडायला लाग. कणीक नळीला निरोप देते, तू फांद्या फोड. नळीला फांदी फुटते, फांदीच्या टोकाशी कणकेचा लहान तुकडा आकार घेतो आणि त्यातून एक नेफ्रॉन तयार होतो. नेफ्रॉन म्हणजे रक्त गाळणारं किडनीचं सर्वांत लहान यंत्र. हे असं पुन्हा पुन्हा चालतं. एकेका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन होतात. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास कणीक संपते आणि काम बंद होतं, ते कायमचं. जन्मानंतर माणसाला एकही नवा नेफ्रॉन मिळत नाही.

काही वेळा ताटात कणकेचा लहानसा गोळा उरतो. जन्मलेल्या बाळांच्या किडन्या तपासल्या तर शंभरात साधारण एकाच्या किडनीत असा न घडलेल्या पेशींचा ठिपका सापडतो. रिपोर्टात त्याला 'नेफ्रोजेनिक रेस्ट' म्हणतात. बहुतेकांचे हे ठिपके पुढे आपोआप सुकतात, विरून जातात, कोणाला पत्ताही लागत नाही. फार थोड्यांत त्यातली एखादी पेशी वाढत राहते. ज्या मुलांना दोन्ही किडन्यांत गाठी होतात, त्यांच्यात असे ठिपके जवळजवळ नेहमीच सापडतात.

म्हणून ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली फार विलक्षण दिसते. मी विद्यार्थ्यांना जुन्या काचपट्ट्या दाखवायचे तेव्हा वर्गात शांतता व्हायची. एका भागात नुसती गडद, दाटीवाटीची कच्ची कणीक. शेजारी अर्धवट वळलेल्या नळ्या, गाळणी होता होता राहिलेले गोल. मधूनमधून तंतूंचा सांधणारा भाग, कधी चक्क स्नायूच्या पेशी. म्हणजे ती गाठ किडनी घडवायचाच प्रयत्न करत असते. काम कुठे थांबवायचं, एवढंच तिला कळत नाही.

थांबणं ठरवतं कोण? जनुकं, म्हणजे पेशीतल्या डीएनए नावाच्या लांब धाग्यावर रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या सूचना. यातलं पहिलं सापडलं त्याची गोष्ट डोळ्यांपासून सुरू होते. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी विल्म्स ट्यूमर झालेल्या ४४० मुलांच्या नोंदी चाळल्या, तर त्यातल्या सहा जणांच्या डोळ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदाच नव्हता. हा दोष इतका दुर्मीळ आहे की सहा हा आकडा योगायोगाचा असूच शकत नाही. डोळ्याचा आणि किडनीचा संबंध काय? पुढे उलगडलं की अकराव्या गुणसूत्रावर, म्हणजे डीएनएच्या अकराव्या गुंडाळीवर, डोळा घडवणारं एक जनुक आणि किडनी घडवणारं एक जनुक जवळजवळ राहतात. जुन्या वाड्याची भिंत खचली की लागून असलेल्या दोन्ही बिऱ्हाडांचं नुकसान होतं, तसं गुणसूत्राचा तो तुकडा गळाला की दोन्ही जातात. त्यातलं किडनीचं जनुक १९९० मध्ये हाती आलं. त्याचं नाव डब्ल्यूटी-१.

डब्ल्यूटी-१ पासून बनणारं प्रथिन डीएनएवर बसून इतर जनुकं चालू-बंद करतं. कणकेला आता आकार घे असं सांगणारा हा मुकादम. उंदरांच्या गर्भातून हे जनुक पूर्ण काढून टाकलं तर त्यांना किडन्याच होत नाहीत. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. दोन्ही बिघडल्या की कणीक तशीच राहते आणि वाढत सुटते. दोन धक्क्यांचा हा विचार आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या एका बालकॅन्सरबद्दल मांडला आणि पुढच्याच वर्षी लुईस स्ट्राँग यांच्यासोबत विल्म्स ट्यूमरला लावून पाहिला. काही मुलं जन्मतःच एक धक्का घेऊन येतात, त्यांना एकच उरलेला असतो. म्हणून त्यांना गाठ लहान वयात आणि कधी दोन्ही बाजूंना होते. कल्पना सुंदर होती, पण विल्म्स ट्यूमर तिच्यात पुरता मावला नाही. डब्ल्यूटी-१ बिघडलेलं सापडतं ते पाचातल्या एखाद्या गाठीत, काही पाहण्यांत त्याहूनही कमी. बाकीच्यांचं काय?

बाकीच्यांचं उत्तर त्याच गुणसूत्राच्या टोकाला आहे. मला विचाराल तर या सगळ्या आजारातला सर्वांत चकित करणारा भाग हाच. तिथे आयजीएफ-२ नावाचं जनुक आहे. ते पेशींना वाढीचा निरोप देतं. एरवी आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रती वापरल्या जातात, पण या जनुकाच्या बाबतीत शरीर फक्त बापाकडून आलेली प्रत वाचतं. आईकडची प्रत शाबूत असते, अक्षरन् अक्षर बरोबर असतं, तरी ती मिटून ठेवलेली असते. ती मिटते कशी? आयजीएफ-२ च्या जवळ डीएनएचा एक तुकडा नियंत्रक म्हणून काम करतो. आईच्या प्रतीवर त्या जागी एक प्रथिन ठाण मांडून बसतं आणि वाढीचा हुकूम आयजीएफ-२ पर्यंत पोचू देत नाही. बापाच्या प्रतीवर त्याच जागी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक ठिपके चिकटवलेले असतात, त्यामुळे त्या प्रथिनाला बसायला जागा मिळत नाही आणि हुकूम पोचतो. एक चालू, एक बंद, म्हणून वाढ बेतानं होते.

विल्म्स ट्यूमरच्या बहुसंख्य गाठींत इथेच गडबड झालेली असते. कधी आईच्या प्रतीवरही ते मिथाइलचे ठिपके चढतात. कधी पेशी आईकडचा तो तुकडा गमावते आणि बापाकडच्याची नक्कल करून भरपाई करते. दोन्ही प्रकारांत परिणाम एकच, वाढीचे निरोप दुप्पट. पहिल्या प्रकारात जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नसतं, हे मुद्दाम सांगते. पोथी तीच, पण जे पान मिटून ठेवायचं ते उघडं राहिलं. हाच बिघाड गर्भात फार लवकर, शरीराच्या बऱ्याच भागांत झाला तर बाळ बेकविथ-विडेमान सिंड्रोम घेऊन जन्मतं. जीभ मोठी, बाळ वजनदार, कधी शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी. अशा बाळांना किडनीच्या गाठीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आणखी काही नावं रिपोर्टात दिसू शकतात, ती थोडक्यात उरकते. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीला वाढीची आज्ञा देतं आणि काम झालं की मोडून टाकलं जातं. काही गाठींत ते मोडलंच जात नाही. डब्ल्यूटीएक्स नावाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलग्यांत एक्स एकच असतं आणि मुलींतही दोनपैकी एकच जागं असतं, त्यामुळे तिथे एकच धक्का पुरतो.

एका गटाकडे मात्र थांबून बघायला हवं. २०१४ आणि २०१५ मध्ये ड्रोशा, डायसर आणि त्यांच्या सोबतीच्या जनुकांत बिघाड सापडले. ही जनुकं मायक्रो-आरएनए नावाचे अगदी छोटे, जेमतेम बावीस अक्षरांचे तुकडे तयार करतात. त्यांचं काम जुने निरोप रद्द करण्याचं. पेशी कच्ची असताना, कच्चीच राहा आणि वाढत जा, असे निरोप तिच्यात फिरत असतात. घडायची वेळ आली की मायक्रो-आरएनए ते शोधून निकामी करतात. ड्रोशा आणि डायसर हे त्यांना मापात कातरणारे अडकित्ते. अडकित्ता बोथट झाला की जुने निरोप फिरतच राहतात आणि पेशीला वाटतं आपण अजून गर्भातच आहोत. सिक्स-१ आणि सिक्स-२ या जनुकांतही याच काळात बदल सापडले. कणकेला कणीक म्हणून टिकवणं हेच त्यांचं मूळ काम. रस्ते निरनिराळे, पण बहुतेक सगळे एकाच चौकात येतात, तो म्हणजे घडण्याचं काम पुरं न होणं.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एक साधी पण फार मोलाची तपासणी प्रसिद्ध केली. गाठीसोबत काढलेल्या किडनीचा जो भाग अगदी निरोगी दिसतो, त्याचाही डीएनए त्यांनी वाचला. गाठीतले काही बदल त्या निरोगी दिसणाऱ्या भागातही सापडले. एका बाजूच्या गाठी असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांत असं दिसलं, आणि त्या भागांत बऱ्याचदा आयजीएफ-२ जवळच्या नियंत्रकावर ते नको असलेले मिथाइलचे ठिपकेही होते. याचा अर्थ असा की, किडनी घडत असताना एका सुरुवातीच्या पेशीत बदल झाला, तिच्या वंशातून किडनीचा चांगला काम करणारा एक पट्टा तयार झाला, आणि त्याच वंशातली एक शाखा नंतर पुढचा धक्का बसून गाठ झाली.

त्या वेळी गर्भात केवढं काम चालतं ते मी तिला मोजून दाखवलं. पेशी दोन होताना दर वेळी सुमारे ६०० कोटी अक्षरं उतरून काढावी लागतात. त्यावरचे मिथाइलचे ठिपकेही जागच्या जागी पुन्हा लावावे लागतात. गर्भात हे काम अहोरात्र, अफाट वेगानं चालतं. चुका होतात, बहुतेक दुरुस्त होतात, एखादी राहते. तुझ्यात, माझ्यात, प्रत्येकात अशा राहिलेल्या चुका आहेत. तुझ्या मुलाच्या बाबतीत ती नेमकी कणकेच्या पेशीत, नेमक्या त्या ओळीवर झाली. आईचा प्रवास, खाणं किंवा मोबाईल यांच्याशी या आजाराचं नातं कोणत्याही अभ्यासात पक्कं झालेलं नाही. आणि ग्रहणाची सावली डीएनएच्या अक्षराला हात लावू शकत नाही. हे मी सासूबाईंनाही, शेजारी बसून, त्यांचा हात धरून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सुनेसोबत केमोच्या वॉर्डात त्या डबा घेऊन गेल्या होत्या.

फाईलमधला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आम्ही दोघींनी ओळीनं वाचला. त्यात सर्वांत आधी बघायचा शब्द ॲनाप्लेजिया. पेशींचे केंद्रक अवाढव्य आणि वेडेवाकडे झाले असतील तर तो शब्द येतो, आणि त्यामागे बहुधा टीपी-५३ हे डीएनएची राखण करणारं जनुक बिघडलेलं असतं. अशा गाठी औषधाला चटकन दाद देत नाहीत. त्याच्या रिपोर्टात ॲनाप्लेजिया नाही असं लिहिलं होतं. दुसरी गोष्ट, आधी केमो दिल्यानंतर कच्ची कणीक किती उरली. औषध मिळूनही तीच जास्त उरली असेल तर धोका वरचा धरतात. त्याचा गट मध्यम धोक्याचा निघाला. काही ठिकाणी पहिल्या गुणसूत्राच्या लांब बाहूची जादा प्रत आहे का, पहिल्या आणि सोळाव्या गुणसूत्राचे ठरावीक तुकडे गळालेत का, हेही तपासतात आणि त्यावरून औषधांचा जोर वाढवायचा का ते ठरवतात. किडनीत क्लिअर सेल सार्कोमा किंवा रॅबडॉइड ट्यूमर असे दुसरे दुर्मीळ कॅन्सरही होतात. त्यांची जनुकं वेगळी, औषधं वेगळी. म्हणून काचपट्ट्या बालकॅन्सरच्या जाणकार पॅथॉलॉजिस्टनं पुन्हा बघाव्यात असं डॉक्टर सुचवतात तेव्हा खर्चाला घाबरून नाही म्हणू नये.

औषधांपैकी दोन मुख्य. एक ॲक्टिनोमायसिन-डी, मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं; १९४० मध्ये सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि पन्नाशीच्या दशकात बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते या मुलांना देऊन पाहिलं. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली तो काळही तोच, बुरशी आणि जिवाणूंपासून औषधं काढण्याचा. हे औषध डीएनएच्या जिन्यात पाचरीसारखं शिरतं आणि निरोप उतरवून घेणंच थांबवतं. दुसरं व्हिन्क्रिस्टिन, आणि ते येतं सदाफुलीपासून. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी वाढलीय तीच गुलाबी सदाफुली. पेशी दोन होताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या बारीक दोऱ्या असतात. व्हिन्क्रिस्टिन त्या दोऱ्या वळूच देत नाही, आणि वाढायला निघालेली पेशी अर्ध्यात अडकून मरते. आपल्या मज्जातंतूंतही तशाच दोऱ्या असतात. म्हणून औषध चालू असताना मूल चालताना पाय ओढतं, अडखळतं, शौचाला त्रास होतो. हे दिसलं की डॉक्टरांना सांगायचं.

एका नातेवाइकानं लगेच सुचवलं, मग सदाफुलीचा काढाच देऊ या. कृपा करून असं करू नका. पानांत व्हिन्क्रिस्टिन नाममात्र असतं, खूप पाला लागतो तेव्हा कुठे चिमूटभर मिळतं. त्याच पानांत इतर विषारी द्रव्यंही असतात. काढ्यात काय किती उतरलं हे कोणालाच मोजता येत नाही, आणि केमो चालू असलेल्या लहान जिवाला तो धोका परवडणारा नाही.

वेळेवर निदान झालं आणि उपचार पूर्ण केले तर आज प्रगत देशांत या आजाराची दहापैकी नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे मुलं हातची जातात ती मुख्यतः उशिरा पोचल्यामुळे आणि अर्ध्यात उपचार सुटल्यामुळे. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा. आणि मुलाच्या पोटाला कडक गोळा लागला, लघवीतून रक्त गेलं, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. गोळा आहे का हे बघायला घरातल्या प्रत्येकानं पोट दाबून बघू नये, गाठ आत फुटू शकते.

तिचा शेवटचा प्रश्न होता दुसऱ्या मुलाचा. जिथे बिघाड शरीराच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे जन्मजात असतो, तिथेच तो पुढच्या मुलापर्यंत जाण्याची शक्यता असते, आणि अशी मुलं दहात एखादं. खुणा डॉक्टर शोधतातच : डोळ्यांचा पडदा, जीभ, दोन्ही बाजूंचा आकार, जननेंद्रियं, दुसऱ्या किडनीत गाठ. याच्यात त्यातलं काही नव्हतं, रक्ताची जनुकीय तपासणीही साफ आली. जन्मजात धोका असलेल्या मुलांची साधारण सात वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात.

त्याचीही सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी होते, ती गाठ परत येत नाही ना हे बघायला. मागच्या आठवड्यात ती धावत खाली आली. रिपोर्टात लिहिलं होतं, उजवी किडनी वयाच्या मानानं मोठी. पुन्हा गोळा, असंच तिच्या मनात आलं. मी तिला बसवलं. नवे नेफ्रॉन होत नाहीत हे आपण बोललो होतो ना, त्यामुळे उजवीकडे आहेत त्या दहा लाखांनीच डावीकडचं काम अंगावर घेतलंय, आणि त्यासाठी त्यातला एकेक थोडा मोठा झालाय. ही वाढ मापातली आहे, सगळ्या किडनीची सारखी. तिनं सोनोग्राफीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ ती उजवी किडनी बघत बसली.